एक वठार, चार शाळा

आमच्या घरात पाच मुलं वाढली आणि त्यांच्या वाट्याला चार तऱ्हेच्या शाळा आल्या. आक्का आधी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत होती, मग बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या सरकारी कन्नड शाळेत आली. दादा आणि मी त्याच कन्नड शाळेतून पुढे एका अनुदानित हायस्कुलात गेलो. काकांचा बंड्या पहिल्यापासून कॉन्व्हेंटात. काकांची चिमी कॉन्व्हेंटात सुरू झाली आणि पाचवीत सरकारी शाळेत परत आली. रात्री जेवायला मात्र पाचही जण एकाच खोलीत, एकाच पातेल्यातल्या आमटीवर.

आता सगळे पन्नाशीच्या आगेमागे आहोत. गणपतीला जमलो की शाळेच्या गोष्टी निघतात आणि ज्याला त्याला आपलीच शाळा भारी वाटते. आठवणींचा हा गुणच आहे. फरशीवर बसून पाय बधिर व्हायचे ते कुणी सांगत नाही. मला त्या गोष्टींतला हिशोब जास्त आठवतो. कुणाची फी कुणाच्या कष्टातून गेली, कुणाच्या शाळेत घरचं माणूस जायचं आणि कुणाच्या शाळेकडे कुणी फिरकलंच नाही, हे.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, १९७८ साली बेळगावहून आले. तिथे ते फाउंड्रीत होते, इथे लेथवर लागले. कर्नाटकाच्या लघुउद्योग विकास महामंडळाने तुमकूर रोडच्या कडेला शेड बांधून दिल्या होत्या, त्यांतल्या एका शेडमध्ये चार लेथ, एक शेपर आणि एक ड्रिल मशीन. पीण्या इंडस्ट्रीज असोसिएशन स्थापन झाली तीही त्याच वर्षी. तेव्हाचं पीण्या म्हणजे अशा छोट्या शेडांचंच गाव. मोठे कारखाने बाजूला होते: जलहळ्ळीला एचएमटी आणि बीईएल, यशवंतपूरकडे बीएफडब्ल्यू. त्यांचे सुटे भाग आमच्या शेडांतून जायचे. वर्षभरात काका आले, मग आई आणि आजी आम्हाला घेऊन आल्या.

जागा मिळाली ती वठारात. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये मोरी, एक नळ, दोन संडास, वरच्या मजल्यावर मालक. भाड्याच्या दहापट अॅडव्हान्स. एका बाजूला धर्मपुरीचे तमिळ, दुसऱ्या बाजूला अनंतपूरचे तेलुगू, पलीकडे हासनचं कन्नड कुटुंब, आणि आम्ही. आप्पांच्या कपड्यांना कूलंटचा वास असायचा. आई ते वेगळे भिजवायची, तरी पावसाळ्यात सगळ्या खोलीला तो वास लागायचा.

शाळेची निवड हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. जवळ होती ती सरकारी कन्नड शाळा. मराठी माध्यम त्या भागात नव्हतंच. खानापूर, बेळगावात कर्नाटक सरकारच्याच मराठी शाळा होत्या, पण त्या तिकडे. आक्का तिसरी मराठीत शिकून आली आणि चौथीत कन्नड शाळेत बसली. पहिल्या दिवशी तिला वर्गात बोललेलं एक अक्षर कळलं नाही. तिच्या वर्गात सत्तरच्या वर मुलं होती आणि एक मेष्ट्रु, म्हणजे मास्तर. पण त्या मेष्ट्रूंनी एक केलं, ते आक्का अजून सांगते: तिला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी हासनच्या घरातली मुलगी बसवली आणि त्या मुलीला सांगितलं की हिला येईपर्यंत हिची पाटी तुझी जबाबदारी. दिवाळीपर्यंत आक्का कन्नडमधून भांडायला लागली.

सत्तर मुलांचा वर्ग कसा चालतो हे आजच्या पालकांना सांगून पटत नाही. मेष्ट्रु एक ओळ म्हणायचे, वर्ग ती परत म्हणायचा. कन्नडमध्ये पाढ्यांना मग्गी म्हणतात; मग्गी सुरू झाली की आवाज रस्त्यापर्यंत जायचा. हुशार सहा-सात मुलं मॉनिटर, ती आपापल्या रांगेच्या पाट्या तपासायची. मेष्ट्रु स्वतः एका मुलाकडे आठवड्यातून एकदा पोचले तर पुष्कळ. मागच्या भिंतीला टेकलेली मुलं वर्षभर भिंतीलाच टेकलेली राहायची, आणि सातवीच्या पब्लिक परीक्षेला त्यांतली निम्मी दिसायचीही नाहीत. दादा त्या भिंतीजवळचाच. तो तरला कारण घरी आजी होती. आजी संध्याकाळी पावकी-निमकी म्हणून घ्यायची, मराठीतून. शाळेत तेच गणित कन्नडमधून. दादा आजही पैसे मोजताना मराठीत मोजतो आणि मापं कन्नडमध्ये सांगतो.

आम्हाला मराठी वाचता यायला लागलं ते हिंदीच्या कृपेने. सहावीत तिसरी भाषा म्हणून हिंदी आली, देवनागरी आली, आणि बेळगावहून कुणी येताना आणलेला शिळा 'तरुण भारत' आम्ही अडखळत वाचायला लागलो. पाचवीपर्यंत इंग्रजीचा पत्ता नव्हता. सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला तो २००७-०८ साली, म्हणजे आमच्या मुलांच्या वेळी.

जलहळ्ळीला मात्र वेगळीच दुनिया होती. कंपनीच्या वसाहती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, कंपनीच्या शाळा, मैदानं, मुलांना न्यायला बस. तीही सरकारचीच, फक्त केंद्र सरकारच्या कारखान्यांची. आप्पा जो भाग बनवायचे तो एचएमटीच्या मशीनमध्ये बसायचा. त्या मशीनवर काम करणाऱ्याचा मुलगा कंपनीच्या शाळेत बाकावर बसायचा आणि आप्पांचा मुलगा फरशीवर. मला यात अन्याय दिसायला फार वर्षं लागली. लहानपणी फक्त त्या मुलांच्या पांढऱ्या बुटांचा हेवा वाटायचा. आज सरकारी आणि खासगी असे दोनच कप्पे करून वाद घातला जातो, तेव्हा मला ती कंपनीची शाळा आठवते. सरकारने मनावर घेतलं तर सरकारी पैशातून काय उभं राहू शकतं, हे आम्ही कुंपणाबाहेरून बघितलं होतं.

दादाला खरं तर कॉन्व्हेंटात घालायचं ठरलं होतं. आप्पांनी त्यासाठी चीटी, म्हणजे भिशी, लावली होती. पण १९८० च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या सार्वजनिक कारखान्यांचा संप सुरू झाला: एचएमटी, बीईएल, एचएएल, आयटीआय, बीईएमएल, सगळे. तो १९८१ च्या मार्चपर्यंत, ७७ दिवस चालला. संप मोठ्या कारखान्यांचा, पण ऑर्डर थांबल्या त्या पीण्याच्या शेडांच्या. ओव्हरटाइम गेला, मग आठवड्याचे दोन दिवस गेले. चीटीचा पैसा भाड्यात आणि तांदळात संपला. जूनमध्ये दादा आक्काचं बोट धरून सरकारी शाळेत गेला. दोन वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा कॉन्व्हेंटचा विषयही निघाला नाही. मी मुलगी होते, हेही त्यामागे होतंच. आई ते आता कबूल करते, तेव्हा कुणाला कबूल करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

बंड्याच्या वेळी, १९८४ साली, काका फोरमन झालेले होते. वठारापासून दोन गल्ल्या सोडून एका राहत्या घरात इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती. नाव कॉन्व्हेंट, नन एकही नाही. खालच्या तीन खोल्यांत तीन वर्ग, गच्चीवर पत्र्याखाली आणखी दोन. टाय, बूट, पाण्याची बाटली, डायरी. सुरुवातीला वर्गात पंचवीस मुलं होती. तीन वर्षांत त्याच खोलीत पन्नास झाली. फी वाढली, खोली तेवढीच राहिली. पण पन्नास मुलांतल्या पन्नासही जणांच्या गळ्यात टाय होता, आणि पालकांना गर्दीपेक्षा टाय आधी दिसतो.

ती फी कुठून यायची हे सांगायला हवं. बेंगळुरूत उदबत्तीचा मोठा धंदा, आणि उदबत्त्या वळायचं काम घराघरांत बायका करायच्या. ठेकेदार काड्या आणि मसाला घरी आणून द्यायचा, हजारी दराने मजुरी. आई आणि काकू दुपारी पाटावर बसायच्या, शाळेतून आल्यावर आक्का आणि मी. बोटं काळी व्हायची, ती पाटी पुसायच्या फडक्याने निघायची नाहीत. त्या पैशांतून बंड्याची फी जायची. आक्का परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही काड्या वळत होती. बंड्याला हे माहीत आहे आणि तो ते विसरलेला नाही. आक्काच्या मुलीच्या इंजिनिअरिंगची पहिली फी न सांगता त्याने भरली. अशा परतफेडी घराघरांत झाल्या असतील. शिक्षणावरच्या खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात त्या सापडायच्या नाहीत.

फी देण्याने आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आमचं लक्ष फार उशिरा गेलं. दर महिन्याच्या पाच तारखेला काकू फी भरायला कॉन्व्हेंटात जायची. गेली की मिसला भेटायची, वह्या बघायची, बंड्या गणितात कुठे मागे आहे ते ऐकून यायची, नळाला पाणी का नाही म्हणून हेडमिसशी हुज्जत घालायची. कन्नड शाळेत फी नव्हती, म्हणून जायचं कारणही नव्हतं. आप्पांची फर्स्ट शिफ्ट सहाला सुरू व्हायची. शाळेत जायचं तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. प्रगतिपुस्तक घरी यायचं, ते कन्नडमध्ये. आप्पा खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेले, त्यांना ते वाचता येत नसे. ते मुकाट्याने सही करायचे. सहा-सात वर्षांत आमच्या घरातलं मोठं माणूस त्या शाळेत गेलं ते दाखल्यांपुरतं. शाळेला संडास नव्हता, बोअरवेलचं पाणी पिवळट यायचं. आजूबाजूला प्लेटिंगची युनिटं होती. तक्रार करणार कोण? तक्रार करू शकणारी आमची काकू पाच तारखेला दुसऱ्या शाळेत जात होती.

कॉन्व्हेंटच्या गमतीही होत्या. १९८९ साली सरकारने हुकूम काढला की पहिली ते चौथी मातृभाषेतून शिकवायचं. गोकाक समितीचा अहवाल आणि १९८२ चं कन्नडसाठीचं आंदोलन, ज्यात कन्नड अभिनेते राजकुमार स्वतः रस्त्यावर उतरले होते, त्यानंतरचा तो काळ. बऱ्याच शाळा परवानगी कन्नड माध्यमाची घ्यायच्या आणि शिकवायच्या इंग्रजीतून. चिमी दुसरीत असताना तिच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हणून इंग्रजी पुस्तकं तांदळाच्या गोणीत भरून स्वयंपाकघरात ठेवली गेली. मुलांच्या हातात आदल्या दिवशी आणलेली कन्नड पुस्तकं. साहेबांनी चिमीला उभं केलं आणि वाच म्हणाले. चिमीने न अडखळता वाचलं, कारण वठारात ती दिवसभर कन्नडच बोलायची आणि अक्षरं तिला आक्काने शिकवली होती. साहेब खूश झाले. हुकुमाप्रमाणे बघितलं तर चिमीला मराठीतून शिकवायला हवं होतं, ही गोष्ट साहेबांच्याही डोक्यात आली नसावी.

तो वाद पुढे पंचवीस वर्षं चालला. १९९४ साली नवा हुकूम, २००६ साली परवानगीविरुद्ध शिकवणाऱ्या दोन हजारांहून जास्त शाळांवर मान्यता काढण्याची कारवाई, २००८ साली उच्च न्यायालयाचा निकाल आणि शेवटी ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की खासगी शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही. त्या पंचवीस वर्षांत आमच्या गल्लीतल्या लोकांनी कोर्टाची वाट बघितली नव्हती. ज्याची ऐपत झाली त्याने मूल उचललं आणि इंग्रजीत नेलं. २०१९ साली सरकारनेही १,००० सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. भाषेवरून एवढी भांडणं झाली. वर्गात किती मुलं आणि किती शिक्षक, यावरून रस्त्यावर कुणी उतरल्याचं मला आठवत नाही.

चिमी चौथी संपवते न संपवते तोच काकांची शेड बंद पडली. १९९१ च्या आर्थिक संकटानंतरचा तो काळ. चिमी सरकारी शाळेत पाचवीत बसली. कॉन्व्हेंटात तिचा नंबर तिसाच्या खाली असायचा. इथे वर्ग पहिल्यांदाच एबीसीडी शिकत होता आणि चिमी फळ्यावर वाक्यं लिहायची. बाईंनी तिलाच इंग्रजीचा मॉनिटर केलं. घरात सगळ्यांना वाटलं होतं की पोरीचं नुकसान झालं. चिमी आज एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ते कॉन्व्हेंटच्या चार वर्षांमुळे की त्या फळ्यामुळे, यावर दर गणपतीला वाद होतो आणि तो सुटत नाही. मला विचाराल तर ते तिच्यामुळे.

आक्काने एसएसएलसीनंतर, म्हणजे दहावीनंतर, टीसीएच केलं, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम. काही वर्षं खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर काढली. मग एच. जी. गोविंदेगौडा शिक्षणमंत्री असताना, १९९४ ते १९९९ या काळात, प्राथमिक शिक्षकांची मोठी भरती गुणांच्या यादीवर झाली. वशिला नाही, पाकीट नाही. लेथ चालवणाऱ्या माणसाच्या मुलीला सरकारी नोकरी लागली, याचं आप्पांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी नेमणुकीचा कागद दोनदा शेजाऱ्यांकडून वाचून घेतला. कागद कन्नडमध्ये होता.

आक्काच्या नोकरीमुळे सरकारी शाळेतले बदल आम्हाला घरबसल्या कळत गेले. बेंगळुरूत दुपारचं जेवण आलं, सायकली आल्या, दूध आलं, बूट-मोजे आले. पहिली ते तिसरीला 'नली-कली' आलं: तीन इयत्ता एकाच खोलीत, मुलं गटांत बसून कार्डांवरून शिकतात. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ते सुरू झालं आणि २००९ पासून राज्यभर पसरलं. आक्काला ते आवडतं. पण ती म्हणते, नली-कली तीन इयत्तांना एक शिक्षक पुरावा म्हणून काढलेलं नव्हतं, आणि वापरलं मात्र तसंच जातं.

दादाची बायको, आमची वहिनी, खासगी इंग्रजी शाळेत शिकवायची. पगार आक्काच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याएवढा. रविवारी जेवताना दोघी समोरासमोर बसल्या की ऐकण्यासारखं असायचं. वहिनीच्या वर्गात बावन्न मुलं, एका इयत्तेची, सगळ्यांची वही भरलेली हवी, नाहीतर पालक दारात. आक्काच्या खोलीत चोवीस, पण तीन इयत्तांची, त्यांतली सहा गेल्या महिन्यात आलेली, आणि शाळेतल्या शिक्षकांच्या दोन जागा रिकाम्या. कोणाचा वर्ग मोठा? शिक्षण हक्क कायदा सांगतो की प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पुढे पस्तीसमागे एक. कागदावर आक्काची शाळा पास, वहिनीची नापास. आणि गल्लीतली मुलं वहिनीच्या शाळेच्या दारात रांग लावून उभी.

लहान वर्गाने फरक पडतो, हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ मध्ये करून बघितलेलं आहे: तेरा ते सतरा मुलांच्या वर्गातली मुलं बावीस ते पंचवीसच्या वर्गातल्यांपेक्षा पुढे गेली. आक्काला मी ते सांगितलं तर ती हसली. पंचवीसला मोठा वर्ग म्हणणारं राज्य तिला बघायचं आहे. आपल्याकडे सरासरी मात्र सुंदर दिसते. २०२४-२५ च्या सरकारी आकड्यांत देशात सुरुवातीच्या वर्गांना दहा मुलांमागे एक शिक्षक येतो. त्याच आकड्यांत एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत आणि सुमारे ८,००० शाळांत एकही मूल नाही. आप्पांच्या गावच्या मराठी शाळेत आता बोटांवर मोजण्याएवढी मुलं उरली आहेत आणि पीण्यात दर महिन्याला नवी येताहेत. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की सगळं छान होतं.

२०१२-१३ पासून कर्नाटकात शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा भरायला लागल्या. दादाची नोकरी तेव्हा सुटलेली. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या (बीईओ) ऑफिसात अर्ज, लॉटरी. त्याच्या धाकट्या मुलीला एका खासगी शाळेत जागा मिळाली. सरकार शाळेला त्या वेळी एका मुलामागे वर्षाला ११,८४८ रुपयांपर्यंत द्यायचं. पुस्तकं, गणवेश, 'अॅक्टिव्हिटी' यांचे पैसे शाळा वेगळे मागायची. त्याच सुमाराला शहराच्या याच बाजूच्या एका शाळेत आरटीईची मुलं ओळखू यावीत म्हणून त्यांचे केस कापल्याची तक्रार वर्तमानपत्रांत गाजली. दादा पहिले काही दिवस पोरगी घरी आली की आधी तिचं डोकं बघायचा.

मग २०१८ च्या डिसेंबरात सरकारने नियम बदलला: जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत ही जागा मिळणार नाही. उच्च न्यायालयाने २०१९ साली तो बदल मान्य केला. महाराष्ट्राने २०२४ च्या फेब्रुवारीत तसाच नियम केला, मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. एकच कायदा, दोन शेजारी राज्यं, दोन निकाल. घरात यावर फूट आहे. दादा म्हणतो, गरिबाच्या पोरीला मिळत होतं ते काढून घेतलं. आक्का म्हणते, तो पैसा माझ्या शाळेत आला असता तर तुझी पोरगी माझ्याकडे शिकली असती. दादा विचारतो, मग आला का? यावर आक्का गप्प बसते, आणि माझ्या मते दादाचा मुद्दा तिथे जिंकतो. खासगी शाळेला देणं थांबवलं म्हणून ते रुपये सरकारी वर्गात पोचलेले आमच्या भागात तरी कुणाला दिसले नाहीत.

२०२५ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत असं निघालं की सरकारी शाळेतल्या मुलामागे घरचा खर्च वर्षाला सरासरी २,८६३ रुपये होतो आणि बाकीच्या शाळांत २५,००२ रुपये. शहरांत सरकारी शाळेत जाणारी मुलं ३०.१ टक्के. हे आकडे वाचले तेव्हा मला काकूच्या काळ्या बोटांची आठवण झाली. घरोघरची काकू आजही तो फरक भरून काढते आहे, आता उदबत्तीऐवजी गारमेंटच्या मशीनवर बसून. आणि उरलेल्या तीस टक्क्यांत कोण आहे ते आक्काच्या हजेरीपटावर दिसतं: रायचूर, यादगीर, कलबुर्गीची मुलं, आणि बिहार, ओडिशाची. आईबाप पावडर कोटिंगच्या, प्लेटिंगच्या, गारमेंटच्या युनिटांत. कोरोनात शेडांची शटरं पडली तेव्हा त्यांतली बरीच गावाला गेली आणि काही परत आलीच नाहीत. उलट खासगी शाळेची फी थकलेल्यांची मुलं वर्गात येऊन बसली आणि धंदा सावरल्यावर परत गेली. ओडिशाचं पोर पहिल्या दिवशी बावरून बसतं. आक्का त्याला पहिल्या रांगेत बसवते आणि शेजारी एक चुणचुणीत मुलगी देते.

आक्का आता मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेला देणाऱ्यांची कमी नाही. मोठ्या कंपन्या येतात, भिंती रंगवतात, बाकं देतात, पाण्याचा फिल्टर बसवतात, फोटो काढतात. गेल्या काही वर्षांत एका भिंतीला तीन वेळा रंग लागला. शिक्षक मात्र कंपनी देऊ शकत नाही. तो सरकारनेच भरायचा, आणि सरकारला भरायला लावायचा तर पालकांनी मागायला हवा. त्यासाठी २००१ पासून प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची समिती आहे, एसडीएमसी म्हणतात तिला. रिकाम्या जागेचा ठराव ती करू शकते, बीईओकडे पाठवू शकते, पाठपुरावा करू शकते. आक्का बैठक बोलावते. येतात दोन-तीन आया. बाकीचे शिफ्टवर असतात, आणि आलं तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो. आप्पांचा जायचा तसाच.

पीण्यात आज मराठी मालकांचीही युनिटं आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून आलेली कितीतरी माणसं लेथवर सुरुवात करून स्वतःच्या शेडचे मालक झाली. हे वाचणाऱ्यांत त्यांतलं कुणी असेल तर आक्काच्या वतीने एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी शाळेला बाकं देऊ नका. तुमच्या कामगारांत ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत त्यांची यादी करा, आणि शाळेची बैठक असेल त्या दिवशी त्यांना अर्धा दिवस भरपगारी सोडा.